पळून जाण्याची तालीम

होडी पाण्याला टेकली तरी सारंगाने दोर सोडला नाही. डाव्या मनगटाला वेढा देऊन त्याने तो आवळून धरला, मान वर केली आणि जहाजाच्या कठड्याकडे बघत एकेकाला हाक मारायला सुरुवात केली.

"लंगर!"

"आहे!"

"पावशेर!"

"आहे!"

"सुकाणी!"

"आहे की. तुमच्या मांडीला मांडी लावून बसलोय."

"विचारलं तेवढंच बोल. आचारी!"

"कप्तान म्हणा, कप्तान," आचारी डोक्यावरची टोपी सावरत म्हणाला. "आहे."

"काजळ्या!"

ओ आली नाही. होडीतले सगळे वल्ही मांडीवर आडवी धरून, शाळेतल्या पोरांसारखे ओळीने बसले होते. सारंगाने पुन्हा हाक मारली. जहाजाच्या पोटात हवा नेणारा मोठा नळा कठड्याजवळच उघडत होता. हाक त्या नळ्याच्या तोंडात शिरून खाली कुठेतरी घुमली आणि विरली. तिसऱ्यांदा हाक मारायला त्याने छाती भरून घेतली आणि

"थांबा! थांबा! थांबा!"

कठड्यावर ओणवा होऊन नौदलाचा साहेब ओरडत होता. कितीही ऊन असो, त्याच्या गणवेशाची घडी मोडत नसे, म्हणून त्याच्या माघारी सगळे त्याला इस्त्री म्हणत.

"सारंग, जहाज बुडतंय! डेक पेटलाय! तुम्ही जीव घेऊन पळताय! आणि हजेरी कसली घेताय?"

"एक माणूस आला नाही साहेब."

"तो येणारच नाहीये!"

"ठाऊक आहे."

"मग?"

सारंगाने दोराकडे पाहिलं, जणू उत्तर दोराने द्यायचं होतं.

"होडी वर घ्या," साहेब म्हणाला. "पुन्हा."

*

पुन्हा.

म्हणजे गोष्टही जरा मागून सांगायला हवी.

सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा म्होरक्या. हा सारंग ह्या जहाजावर इतकी वर्षं होता की त्याचं चालणंसुद्धा जहाजासारखं झालं होतं, जमिनीवरही तो किंचित डुलत चाले. जहाज मालवाहू. सिमेंट, धान्य, टायर, कापडाच्या गासड्या, एकदा तर नुसत्या खुर्च्या. मिळेल ते न्यायचं आणि सांगितलं तिथे उतरवायचं. मग युद्ध सुरू झालं आणि एका सकाळी नौदलाची माणसं आली. जुने कप्तान आपली पेटी घेऊन किनाऱ्यावर उतरले. पाठोपाठ रंगारी आले आणि त्यांनी जहाजाचं नाव खरवडून काढलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते बघून सारंगाचं डोकं फिरायची वेळ आली. माल भरायच्या कोठारांत रिकामी, तोंडं बंद केलेली पिंपं भरली. खालपासून वरपर्यंत, नुसती हवा. भोक पडलं तरी जहाज लगेच बुडू नये म्हणून. डेकवर फळ्यांची एक शेड उभारली आणि तिच्यात तोफा लपवल्या. कठड्यावर दोरी बांधून फाटके बनियन वाळत घातले. आणि सगळ्यात कहर म्हणजे गंज. उभ्या आयुष्यात सारंगाने खलाशांच्या मानगुटीवर बसून गंज खरवडून घेतला होता. आता त्याच खलाशांच्या हातात तांबड्या रंगाचे डबे देऊन साहेब सांगत होता, गंज रंगवा. नीट ओघळ आला पाहिजे.

"नीट गंज!" पावशेर ब्रश झटकत सारंगाला म्हणाला होता. "काका, ह्याला दाढीसुद्धा वाढवायची असेल तर चिकटवून घेईल."

बेत असा होता. शत्रूच्या पाणबुडीला हे जहाज दिसेल: कळकट, एकटं, बिनतोफेचं. ती एक टॉर्पेडो सोडेल. जहाजावर हाहाकार माजेल, खलाशी होड्यांत उड्या टाकून पळून जातील. पाणबुडीला वाटेल, जहाज ओस पडलं, आता दुसरा टॉर्पेडो कशाला वाया घालवा? ती वर येईल, जवळ येईल, तोफेने काम उरकायला. मग शेडच्या भिंती पडतील.

तोवर तोफांवरची माणसं शेडमध्ये पोटावर पडून राहणार. आणि यंत्रघरातली माणसं यंत्रघरात.

यंत्रघरात काजळ्या होता. काजळ्या म्हणजे सारंगाचा जावई. घरी तो जावईबापू, जहाजावर काजळ्या. हा हिशेब दोघांनी लग्न ठरलं तेव्हाच करून टाकला होता.

*

पुन्हा.

शिट्टी. धुराचा डबा पेटवला. लंगर, नावाप्रमाणेच गलबताला बांधावा इतका जड माणूस, धावत आला, कठड्यापाशी थांबला आणि मागच्याला आधी जाऊ दिलं.

"थांबा! लंगर, तू घाबरलायस!"

"हो साहेब."

"मग वाट कसली देतोस? उलट्या दिशेला पळ. तुला होडी कुठे ते आठवत नाही."

"उलटं किती पळू?"

"किती म्हणजे? भान सुटेपर्यंत!"

लंगरने मान डोलावली आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "म्हणजे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ना?"

पुन्हा. पावशेरने अडखळून पडायचं होतं. तो पडला, पण आधी त्याने पायाखालची जागा बघून घेतली आणि पडल्यावर गुडघे झटकले. पुन्हा. सुकाणूवरच्या माणसाने, ज्याला सगळे सुकाणी म्हणत, वल्हं पाण्यात पाडायचं होतं. त्याने पाडलं, पण दोरी बांधून. "वल्हं वाहून गेलं तर साहेब?" पुन्हा. आचाऱ्याला कप्तानाची टोपी दिली होती, कारण पोटाच्या घेराने तोच कप्तान शोभत होता. त्याने शेवटी यायचं, हातवारे करायचे, केविलवाणं दिसायचं. तो आला तो दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"तुम्ही केविलवाणे कुठे दिसताय?" साहेब जवळजवळ रडकुंडीला आला होता.

"पदाला शोभेल इतपतच घाबरलो," आचारी म्हणाला. "आणि शेगडी विझवून आलो, त्यात जरा वेळ गेला."

"जहाज पेटलंय आणि तुम्ही शेगडी विझवलीत?"

"आगीत आग कशाला?"

साहेबाला हवं होतं ते हे: की स्फोट होताच कुणी कुणाचं ऐकू नये आणि एकाने चप्पल शोधावी आणि दुसऱ्याने त्याला तुडवून जावं आणि होडी एका बाजूने आधी सुटावी आणि माणसं तिच्यातून घरंगळावीत आणि कुणी देवाचं नाव घ्यावं कुणी आईचं आणि दोर कापला जावा आणि मागे वळून कुणी म्हणजे कुणीही

बघू नये. एवढंच. ते ह्या माणसांना जमत नव्हतं. समुद्रावरची अर्धी हयात ती नेमकं ह्याच्या उलट शिकली होती, आणि शिकवणारा सारंग होता.

डोकी मोजायची नाहीत, हाक मारायची, हा त्याचा शिरस्ता. डोकी मोजताना चूक होते. अंधारात उपडी बादलीही डोकंच वाटते. ओ मात्र ज्याची त्यालाच द्यावी लागते. जवळच्यापासून सुरुवात करायची आणि सगळ्यात खोल, सगळ्यात लांब जो असेल त्याच्यापाशी संपवायचं. शेवटची ओ येईपर्यंत दोर सुटायचा नाही. नव्याने आलेला खलाशी गाठ मारायला शिकायच्या आधी हे शिकायचा. आता दरेक तालमीत सगळं कसंबसं पार पडे, होडी पाण्याला टेके, आणि सारंगाच्या तोंडून आपोआप "लंगर!" निघे. एकदा त्याने ओठ घट्ट मिटून धरले. तर लंगरच, सवयीने, न विचारता म्हणाला, "आहे!" आणि पाठोपाठ सगळे.

*

साहेबाच्या खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर ओले मोजे वाळत होते. साहेबाने मोजे उचलले, कुठे ठेवावेत ते न कळून हातातच धरले.

"बसा."

"उभा बरा आहे."

"उद्या मोठे साहेब येणार आहेत. लांबून, लाँचमधून, दुर्बिणीतून बघतील. पाणबुडीवाला बघेल तसं." त्याने मोजे खिडकीशी ठेवले. "त्यांना पटलं नाही तर होडीत नौदलाची माणसं बसवायची असा हुकूम आहे. तुम्ही सगळे किनाऱ्यावर."

"सगळे?"

"यंत्रघर सोडून."

सारंगाचा हात कानामागे गेला आणि तिथेच थांबला.

"मग काजळ्यालाही उतरवा," तो म्हणाला. "त्याच्या जागी तुमचा माणूस घाला."

"तो बॉयलर फक्त त्याचं ऐकतो असं मला कुणी सांगितलं होतं? जहाज ताब्यात घेतलं त्या दिवशी. अगदी छाती फुगवून."

सारंगानेच सांगितलं होतं. जावयाचं कौतुक करायची संधी तो सहसा सोडत नसे.

"मला तुम्हाला उतरवायचं नाहीये," साहेब म्हणाला. आवाज खाली आला होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, त्यांना मात्र इस्त्री चालत नव्हती. "नौदलाची पोरं पळतात ती कवायत केल्यासारखी. तुम्हीच हवे आहात. पण सारंग, त्या दुर्बिणीमागे जो असेल ना, तो मूर्ख नाही. तोही दर्यावरचाच. खरं पळणारा माणूस कसा पळतो ते त्याने पाहिलेलं असेल. तुम्ही दोर धरून वर बघत बसलात की त्याला काय कळतं?"

सारंगाने कानामागचा हात खाली घेतला.

"वर कुणीतरी राहिलंय, हे कळतं. मग तो वर येणार नाही. लांबूनच दुसरा टॉर्पेडो सोडेल, नेमका मधोमध. यंत्रघर कुठे आहे जहाजात?"

"मधोमध."

"हं."

बाहेर कुणीतरी डबा आपटला. साहेब उगाच दचकला आणि त्याला ते आवडलं नाही.

"त्याचा जीव तुमच्या पळण्यावर आहे," तो म्हणाला. "ह्याहून सोपं करून मला सांगता येत नाही."

*

काजळ्या अंग धुऊन डेकवर पाठ शेकत बसला होता. डोळ्यांच्या कडा आणि नखं सोडली तर तो आता बऱ्यापैकी माणसाच्या रंगाचा होता. सारंग त्याच्या शेजारी उकिडवा बसला.

"खाली काय काय ऐकू येतं रे, तालीम चालू असताना?"

"येतात आवाज."

"कसले?"

"आवाजांसारखे आवाज, मामा." काजळ्याने दुसरीकडे तोंड केलं.

"दार बंद करून घेतोस ना? धूर येतो."

"घेतो."

"आणि ती खालची झडप..."

"मामा, मी काय पाळण्यातला आहे? तुम्ही तुमचं बघा ना. वर तुमचंच काही धड होत नाही म्हणतात. सगळं यंत्रघर हसतंय."

सारंग उठला. पुढे जाऊन त्याने पावशेरला विनाकारण झापलं. गंजाचा ओघळ वाकडा आला म्हणून.

*

त्या दुपारी त्याला घरी जायची मुभा मिळाली. यंत्रघरातल्यांना नव्हती.

लेक दारातच स्टुलावर उभी होती, तोंडात दोन खिळे धरून. दाराची बिजागरी निखळली होती. तिने मागे वळून बघितलं, मग त्याच्याही मागे बघितलं, जिन्यापर्यंत. खिळे हातात काढून घेतले.

"एकटेच आलात?"

"त्याला सुट्टी नाही. बॉयलर..."

"त्या बॉयलरशीच लग्न लावून द्यायचं होतं त्याचं." ती हसली आणि पुन्हा दाराकडे वळली. "धरा जरा हे, खालून. वर उचला. अजून."

सारंगाने दार उचलून धरलं. बरं वाटलं. एक दार, एक बिजागरी, उचल म्हटलं की उचलायचं.

"काय करतात तुमच्याकडून? त्याच्या पत्रात काही नसतं. तब्येत बरी, जेवण बरं, मामा बरे. शाळेत निबंध असाच लिहायचा वाटतं."

"माल इकडून तिकडे. दुसरं काय?"

"नौदलाचा माल?"

"माल तो माल."

तिने हातोडी दोनदा मारली. खिळा वाकडा गेला. तिने तो उपटला, दातांखाली धरून सरळ करायला बघितला, मग भिरकावून दिला.

"शेजारची रोज विचारते, तुला भीती नाही का वाटत, दोघं एकाच जहाजावर? मी म्हणते, उलट त्यामुळेच नाही वाटत. बाबांच्या जहाजावर कुणी मागे राहत नाही." ती नव्या खिळ्यासाठी चाचपडत होती. "बाबा, खाली आलं दार. उचला ना."

त्याने उचललं. बोटं पांढरी होईपर्यंत.

"पोरी, समजा..."

"काय?"

"काही नाही. मार खिळा."

निघताना तिने नवऱ्यासाठी दोन सदरे बांधून दिले आणि वडिलांना दटावलं की मागच्या खेपेसारखे बोचक्यातच राहू देऊ नका. दार आता लागत होतं, पण जरा करकरत. सारंग जिना उतरेपर्यंत ती ते उघडून मिटून बघत होती.

*

पुन्हा.

दुसऱ्या दिवशी वारा होता. लांबवर मोठ्या साहेबांची लाँच एका जागी डुलत उभी होती. सारंगाने सगळ्यांना जमवलं होतं आणि तो बोलत होता, पण त्याचं त्यालाच ऐकावंसं वाटत नव्हतं.

"आज कुणी ओ द्यायची नाही. मी हाक मारली तरी नाही."

"तुम्ही मारू नका ना मग," सुकाणी म्हणाला.

"नाही मारणार."

"मारणार तुम्ही."

"नाही म्हटलं ना!"

"पैज?"

"आचारी," सारंग म्हणाला, "आज शेगडी विझवायची नाही."

"रस्सा आहे वर. लागेल."

"लागू दे!"

शिट्टी झाली. धुराचा डबा फुटला, आणि आज वाऱ्याने धूर समुद्राकडे नेण्याऐवजी डेकवरच लोळवला, तो डोळ्यांत गेला, घशात गेला, आणि लंगर उलट्या दिशेला पळाला तो खरंच भिंतीवर आपटला, आणि पावशेर ठरल्याप्रमाणे पडायच्या आधीच कुणाच्या तरी पायात आला, आणि आचारी टोपी घालून आला आणि अर्ध्या वाटेत थबकून हवा हुंगू लागला, जळतंय, रस्सा जळतोय, आणि मागे वळला, आणि सारंगाने त्याची कॉलर धरली, कुठे चाललास, सोडा मला, मी कप्तान आहे, कप्तान गेला चुलीत, तेच म्हणतोय मी, चुलीतच जायचंय, आणि दोघं एकमेकांना धरून होडीत कोसळले, आणि त्या धक्क्याने पावशेरच्या हातून कप्पीचा दोर सुटला, पुढचाच, मागचा तसाच, आणि होडी तोंडावर पडल्यासारखी तिरपी झाली, वल्ही गेली, पाण्याचं पिंप गेलं, टोपी गेली, आणि लंगर, सगळ्यांत जड, सगळ्यांत शेवटी आलेला, होडीत पाय ठेवतो तो होडी तिथे नव्हतीच, तो सरळ पाण्यात, आणि त्याला पोहता येतं की नाही हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. त्याला येत नव्हतं. सुकाणीने मागचा दोर ढिला केला, होडी धाडकन पाण्यावर आदळली, सारंग पोटावर पडून लंगरचे केस धरू बघत होता आणि लंगरला केस नव्हते, त्याने कान धरला, मग सदरा, मग सगळ्यांनी मिळून त्याला आत ओढला, आणि आचारी अजूनही रस्सा रस्सा करत होता तेव्हा सारंगाने त्याच्या कानाखाली वाजवली. महिनाभराची. गंजाची, रिकाम्या पिंपांची, बनियनांची, पुन्हा पुन्हा पुन्हाची. आचाऱ्याने उलट त्याला आईवरून शिवी दिली. होडी जहाजाच्या अंगावर आपटत होती, अजून एकदा आपटली असती तर फुटली असती. सारंगाने कमरेचा सुरा काढला आणि दोरावर ओढला.

"वल्हवा! बघता काय, मारा हात! मेल्यांनो, वल्हवा!"

उरलेल्या दोन वल्ह्यांनी ते वल्हवू लागले. ज्यांच्या हातात वल्हं नव्हतं ते पंजांनी पाणी मागे सारत होते. कुणी शिव्या देत होतं, लंगर ओकत होता, आणि कुणीच त्यांना थांबवत नव्हतं.

बरंच अंतर गेल्यावर हात आपोआप मंदावले. लंगर होडीच्या तळाशी बसून कुडकुडत होता. आचारी गाल चोळत होता. सगळ्यांना धाप लागली होती.

"काका," सुकाणी हळूच म्हणाला, "पैज हरलो मी."

सारंगाने मागे बघितलं.

जहाज उभं होतं. दोरीवरचे बनियन वाऱ्यावर फडफडत होते, एक बाही उसवून निघाली होती. डेकवर धुराची एक पातळ पट्टी, खाली गंजाचे ओघळ, कठड्यावरून लोंबणारा कापलेला दोर. कुठे काही हलत नव्हतं. एखादं जहाज सगळ्यांनी टाकून दिलं की ते कसं दिसतं हे सारंगाने एकदोनदा पाहिलं होतं, लांबून, जाता जाता. अगदी तसंच. आत शेडमध्ये तोफांवरची माणसं पोटावर पडलेली आहेत, आणि त्यांच्याही खाली, मधोमध, कुणीतरी आहे, हे त्याला आठवावं लागलं.

त्याने तोंड उघडलं. मग मिटलं. एवढ्या लांबून हाक पोचलीही नसती.

*

पुन्हा झालं नाही.

लाँचवरून निरोप आला. मोठे साहेब खूश होते. इतका अस्सल गोंधळ त्यांनी कधी पाहिला नव्हता; लंगर पाण्यात पडला ती कल्पना विशेष आवडली, ती तशीच ठेवावी. इस्त्रीने सारंगाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हलवला, बराच वेळ. आचारी आणि सारंग एकमेकांकडे न बघता शेजारी शेजारी उभे होते. रस्सा कोळसा झाला होता. दोन दिवसांत निघायचं आहे, साहेब म्हणाला, ह्याच माणसांना घेऊन.

"जमलं की हो तुम्हाला," तो म्हणाला. "मी तर आशा सोडली होती."

खलाशी टाळ्या पिटत खाली गेले. सारंग यंत्रघराच्या जिन्याकडे गेला, पण उतरला नाही. काजळ्याच वर येत होता, तोंडाला काळं, मानेभोवती ओला रुमाल. वरच्या पायरीवर येऊन तो टेकला आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायला. सारंगाने सदऱ्यांचं बोचकं त्याच्या शेजारी ठेवलं.

"तिने दिलेत."

"हं." काजळ्याने बोचक्याला हात लावला नाही, हात काळे होते. "मामा, आज तुम्ही हाक मारली नाहीत."

सारंग त्याच्या पायाशी कुठेतरी बघत राहिला.

"बरं झालं," काजळ्या म्हणाला.

"काय?"

"त्या नळ्यातून सगळं येतं खाली. लंगर, पावशेर, सगळ्यांचं. मग माझं. पहिल्या हाकेला मी झडप घट्ट धरायचो. दुसऱ्या हाकेला पाय शिडीवर गेलेला असायचा, माझा मलाच कळायचं नाही. ओ तोंडातून निघू नये म्हणून हा रुमाल चावायचो." त्याने रुमालाचं टोक दाखवलं. ते कुरतडल्यासारखं झालं होतं. "काल तर वर यायलाच निघालो होतो. अर्धी शिडी चढलो. बाकीच्यांनी पाय धरून खाली ओढलं. म्हणूनच ते हसत होते."

"मला बोलला नाहीस."

"काय बोलणार? तुम्ही हाक मारू नका, असं बोलू?"

खालून कुणीतरी फावड्याने जिन्यावर ठोकलं. काजळ्या उठला, पाठ ताणली, दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. त्याचं डोकं आता सारंगाच्या गुडघ्याशी होतं. त्याने वर बघितलं.

"मामा, एक विचारू? आज मुद्दाम नाही मारलीत ना? का गडबडीत राहून गेली?"

सारंगाने त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांतलं पांढरं सोडलं तर त्या काळ्या तोंडावर काहीच वाचता येत नव्हतं.

"मुद्दाम," तो म्हणाला.

"मग ठीक," काजळ्या म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला.